लाल दिव्याची गाडी अडवताना: महाल, 1 जून 2006

1 जून 2006 च्या पहाटे चारच्या सुमारास एक पांढरी ॲम्बेसेडर नागपूरच्या महाल भागातल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाच्या दिशेनं निघाली होती. टपावर लाल दिवा होता. आत बसलेल्या तिघांच्या अंगावर पोलीस उपनिरीक्षकाचा गणवेश होता. परिसरात गस्तीवर असलेल्या पोलिसांना गाडीचा संशय आला आणि त्यांनी ती हटकली. गाडीनं बॅरिकेड तोडून आत घुसायचा प्रयत्न केला, गोळीबार सुरू झाला आणि तिघेही जागीच ठार झाले. गाडीत एके रायफली, हातबॉम्ब आणि स्फोटकं सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. हे लष्कर-ए-तैयबाचे आत्मघाती हल्लेखोर असावेत, असा संशयही त्यांनी व्यक्त केला. एस. पी. एस. यादव तेव्हा नागपूरचे पोलीस आयुक्त होते. राज्यात विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते आणि गृहखातं आर. आर. पाटील यांच्याकडे होतं. त्या पहाटे एकही पोलीस किंवा नागरिक दगावला नाही.

दहशतवादाशी सरकारनं कसं लढावं हा विषय निघाला की चर्चा मुंबईवर, संसदेवर किंवा काश्मीरवर जाते. माणसं मेली तिथं लक्ष जाणार, हे साहजिक आहे. पण माझ्या मते महालातलं हे प्रकरण अभ्यासाला जास्त उपयोगाचं आहे. इथं हल्ला अडवला गेला, तेही दिल्लीहून कमांडो न येता. आणि त्याच प्रकरणात हल्ला अडवल्यानंतर सरकार कुठं कमी पडलं, तेही दिसतं.

आधी जागा. ज्यांनी महाल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे भोसल्यांच्या काळातलं जुनं नागपूर. बडकस चौक, चिटणीस पार्क, गांधी गेट, कोतवाली ठाणं हे सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात. गल्ल्या मुळात अरुंद. त्यात मे-जूनमध्ये प्रत्येक खिडकीबाहेर डेझर्ट कूलर लटकलेला, त्यामुळे त्या आणखी वीतभर अरुंद होतात. उन्हाळ्यात त्या काळी बरीच माणसं गच्चीवर झोपायची. अशा वस्तीत पहाटे चारला एके रायफल चालणं म्हणजे काय, याचा विचार केला की एकही नागरिक दगावला नाही या वाक्याचं वजन कळतं. शिवाय त्या काळी दरवर्षी मे-जूनमध्ये रेशीमबागेत संघाचा तृतीय वर्षाचा प्रशिक्षण वर्ग असायचा, देशभरातून स्वयंसेवक आलेले असायचे. म्हणजे हल्ल्याची वेळ आणि जागा दोन्ही विचार करून निवडल्या असणार.

आता गाडी. पांढरी ॲम्बेसेडर आणि लाल दिवा ही युक्ती नवी नव्हती. 13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला करणारे पाचजण अशाच गाडीतून आले होते. तिच्यावरही लाल दिवा होता आणि काचेवर गृहमंत्रालयाचं बनावट स्टिकर. फाटकावर गाडी सुटली आणि पुढचं सगळ्या देशानं पाहिलं. म्हणजे साडेचार वर्षांपूर्वी दिल्लीत चाललेली युक्ती नागपुरात पुन्हा वापरली गेली. ती वापरावीशी का वाटली, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे दिवा दिसला की नाक्यावरच्या शिपायाचा हात आपोआप कपाळाकडे जातो. गाडी अडवून "साहेब, ओळखपत्र दाखवता का?" असं विचारायची सोय त्याला व्यवस्थेनं ठेवलेलीच नसते. विचारलं आणि आत खरोखरच कोणी बडा माणूस निघाला, तर वरून फोन येतो. विदर्भात तर त्याचा अर्थ सगळ्यांना पाठ आहे: बोरीबिस्तरा बांधा आणि गडचिरोली गाठा. या भीतीवर अतिरेक्यांचा भरवसा होता. स्फोटकांइतकाच तो त्यांच्या योजनेचा भाग होता.

त्या पहाटे महालात तो भरवसा फोल ठरला. समोर लाल दिवा आणि खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे दिसत असताना गस्तीवरल्या माणसांनी गाडी हटकली. संघ मुख्यालयाला धोका आहे याची जाणीव पोलिसांना होती, बंदोबस्त होता, माणसं जागी होती. पण इशारा असणं आणि इशाऱ्यानुसार वागणं यांत फार अंतर असतं. 26/11 च्या आधीही समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि मोठ्या हॉटेलांना असलेल्या धोक्याच्या सूचना आलेल्या होत्याच. त्या फायलींत राहिल्या. महालात सूचना बॅरिकेडपर्यंत, प्रत्यक्ष बंदूक हातात असलेल्या माणसापर्यंत पोचलेली होती. प्रतिबंधाबद्दल सरकारनं या प्रकरणातून शिकायचं पहिलं काम इथं आहे. गुप्त माहितीचा प्रवास दिल्लीच्या मल्टी एजन्सी सेंटरपासून मुंबईच्या एटीएसपर्यंत झाला की काम संपलं असं मानलं जातं. खरं तर तिचं शेवटचं ठिकाण कोतवालीसारख्या ठाण्यातला रात्रपाळीचा हवालदार असतो. त्याला काय शोधायचं ते सांगितलेलं नसेल, तर वरच्या सगळ्या बैठका वाया.

यासाठी नवा कायदा लागत नाही, एक लेखी आदेश लागतो. नाक्यावर ओळख विचारली म्हणून कोणत्याही कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही, मग गाडीत कोणीही असो. आणि ओळख न दाखवणाऱ्या अधिकाऱ्यावर मात्र होईल, असा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लाल दिव्यांवर मर्यादा आणली आणि 1 मे 2017 पासून केंद्र सरकारनं ते जवळजवळ सगळेच उतरवले. तेव्हा चर्चा झाली ती व्हीआयपी संस्कृतीची. सुरक्षेच्या दृष्टीनं तो निर्णय किती मोलाचा होता, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. संसद आणि महाल ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहिली की ते स्वच्छ दिसतं. दिवे गेले, पण सवय पूर्ण गेलेली नाही. आता काचेवर 'पोलीस' किंवा 'महाराष्ट्र शासन' लिहिलेली खासगी गाडी तेच काम करते, आणि अशा गाड्या सिव्हिल लाइन्सपासून वर्धा रोडपर्यंत रोज दिसतात. त्यांच्याकडे डोळेझाक करणं हा सुरक्षेतला ढिलेपणाच आहे.

2006 हे साल महाराष्ट्रासाठी फार वाईट होतं. 9 मे रोजी एटीएसनं चांदवड-मनमाड रस्त्यावर पाठलाग करून एक गाडी पकडली. त्या कारवाईत आरडीएक्स आणि एके-47 रायफलींचा मोठा साठा हाती लागला. हेच औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण. त्यानंतर तीन आठवड्यांनी नागपूर. 11 जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट, 180 हून जास्त मृत्यू. 8 सप्टेंबरला मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट, तीसहून अधिक मृत्यू. पाच महिन्यांत चार घटना. एकच राज्य, एकच गृहखातं, एकच एटीएस. सरकारच्या प्रतिसादाची तुलना करायला इतकं साहित्य एका ठिकाणी क्वचितच मिळतं, म्हणून या चारही घटना शेजारी ठेवून बघू.

औरंगाबाद प्रकरणात माणसं जिवंत पकडली गेली. खटला दहा वर्षं चालला. जुलै 2016 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं झबिउद्दीन अन्सारीसह 12 जणांना दोषी ठरवलं आणि आठ जणांना निर्दोष सोडलं. माझ्या लेखी हा निकाल राज्याच्या बाजूनं गेलेला निकाल आहे, आणि त्या आठ जणांच्या सुटकेमुळे त्याची किंमत वाढते. न्यायालयानं पुरावा पाहिला, निवड केली, कारणं लिहिली. उद्या कोणी विचारलं की हे शस्त्र कुठून आलं, कोणी आणलं, तर उत्तर न्यायालयाच्या कागदावर आहे.

मुंबईच्या लोकल स्फोटांत 2015 मध्ये 12 जण दोषी ठरले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली गेली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांची शिक्षा रद्द केली, सरकारी पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला असं म्हणत. त्यांतला एकजण तोवर नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात कोविडनं मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयानं नंतर त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यावर स्थगिती दिली, सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात मात्र पाठवलं नाही. मालेगाव 2006 मध्ये एटीएसनं ज्या मुस्लिम तरुणांना अटक केली, त्यांच्यावरचे आरोप राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या तपासानंतर टिकले नाहीत आणि एप्रिल 2016 मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. या दोन प्रकरणांत किती घरं दोनदा उद्ध्वस्त झाली बघा. एकदा स्फोटात गेलेल्यांची, दुसऱ्यांदा खोट्या किंवा न टिकलेल्या आरोपात अडकलेल्यांची. आणि ज्यांनी बॉम्ब ठेवले, ते कोण, याचं निर्विवाद उत्तर ज्यांची माणसं गेली त्यांच्याकडे आजही नाही. लोकांच्या रोषाला तोंड देण्यासाठी घाईनं कोणीतरी पकडून दाखवणं हा सरकारचा सगळ्यात धोकादायक प्रतिसाद आहे. चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, इतकं साधं हे गणित आहे.

आता परत महालात येऊ. इथं खटला उभाच राहू शकत नव्हता, कारण तिन्ही हल्लेखोर मेले होते. त्याबद्दल पोलिसांना दोष देणं मला पटत नाही. हातबॉम्ब घेऊन आलेल्या, मरायच्या तयारीच्या माणसांना पहाटेच्या अंधारात गल्लीत जिवंत धरणं हे सांगायला सोपं आहे. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबला धरून ठेवलं तेव्हा त्याच्या बंदुकीच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या शरीरावर झेलल्या. त्या बलिदानामुळे कट कुठं शिजला ते जगापुढं मांडता आलं. पण कोणत्याही सरकारला आपल्या शिपायाकडून असं बलिदान गृहीत धरता येणार नाही.

पण चकमकीनंतर जे व्हायला हवं होतं त्यात सरकार कमी पडलं, असं माझं ठाम मत आहे. लोकांपुढं आलं ते पत्रकार परिषदेतलं निवेदन, टेबलावर मांडलेली शस्त्रं आणि पोलिसांसाठी जाहीर झालेलं बक्षीस. काही दिवसांतच पोलिसांच्या वृत्तांतावर शंका घेतल्या जाऊ लागल्या. निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या सत्यशोधन पथकानं चकमकीबद्दल जाहीर प्रश्न उपस्थित केले. पोलीस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. पुढं शहराचे दोन भाग पडले. एका भागासाठी ती शौर्यगाथा, दुसऱ्या भागासाठी संशयास्पद चकमक. वीस वर्षं होत आली, तरी महालात आणि मुस्लिमबहुल मोमिनपुऱ्यात तुम्हाला या रात्रीच्या दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. शंका घेणाऱ्यांना देशद्रोही ठरवून हे मिटत नाही आणि पोलिसांना खोटारडे ठरवूनही नाही.

हे टाळता आलं असतं. चकमकीत मृत्यू झाला की दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे निर्देश तेव्हाही होते. पुढं 23 सप्टेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं याच राज्याविरुद्धच्या खटल्यात 16 मुद्द्यांची कार्यपद्धती घालून दिली: गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याच्या किंवा सीआयडीच्या पथकाकडे द्या, शस्त्रं न्यायवैद्यक तपासणीला पाठवा, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, आणि शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत बक्षीस किंवा बढती देऊ नका. पोलीस दलात या शेवटच्या मुद्द्याची चीड येते, ती मी समजू शकतो. जीव धोक्यात घातलेल्या माणसाला शाबासकीसाठीही थांबायला लावायचं? पण त्या माणसाचीच बाजू घेऊन विचार करा. चौकशीतून ताऊन सुलाखून निघालेलं पदक त्याच्याकडून कोणीच काढून घेऊ शकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात दिलेल्या बक्षिसाला मात्र आयुष्यभर शंकेची शेपटी राहते. महालात ज्यांनी खरोखर गाडी अडवली, त्यांच्यावर सरकारच्या घाईनं अन्यायच केला.

सरकारनं काय करायला हवं होतं? साधारण तीन महिन्यांत एक वृत्तांत प्रसिद्ध करायला हवा होता. गाडी कुठून आली, किती वाजता कुठल्या चौकात दिसली, पहिली गोळी कुठं लागली, कोणतं काडतूस कोणत्या बंदुकीचं, गणवेश आणि दिवा कुठून मिळवला, शहरात कोणी आसरा दिला. तपासाला बाधा येईल तेवढं झाकून बाकीचं सांगता येतं. राज्याला असं सांगायची सवय नाही, हीच अडचण आहे. 26/11 नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीचंच पाहा. तिचा अहवाल 2009 च्या पूर्वार्धात सरकारच्या हाती आला. तो दाबून ठेवल्याची ओरड झाली, विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं, आणि अखेर डिसेंबर 2009 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो पटलावर आला. आकाश कोसळलं का? नाही. उलट ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नव्हती, सरावाला पुरेशी काडतुसं नव्हती, माहिती हाताळायची पद्धत विस्कळीत होती, हे सगळ्यांना कळलं आणि सुधारणांसाठी दबाव तयार झाला.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. 30 जुलै 2015 ला याकूब मेमनला नागपूरच्या कारागृहात फाशी झाली. 1993 च्या मुंबई स्फोटांत 257 माणसं गेली होती. फाशीच्या आदल्या रात्री सर्वोच्च न्यायालय पहाटे तीननंतर उघडलं, तीन न्यायमूर्तींनी बचाव पक्षाचं म्हणणं ऐकलं, अर्ज फेटाळला आणि मग सकाळी अंमलबजावणी झाली. फाशीबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण शेवटच्या तासापर्यंत आम्हाला प्रश्न विचारा, आम्ही उत्तर देतो, अशी भूमिका राज्यानं घेतली. यात मला राज्याचं बळ दिसतं. महालात पोलिसानं लाल दिव्याला विचारलं ते जितकं महत्त्वाचं, तितकंच नागरिकानं, न्यायालयानं, विरोधकानं सरकारला विचारणं. विचारणा कुठंही बंद पडली की त्या फटीतून कोणीतरी आत घुसतो.

हल्ल्याचा दुसरा हेतू स्फोटापेक्षा जुना आणि स्वस्त असतो, तो म्हणजे दंगल. संघ मुख्यालयावर हल्ला यशस्वी झाला असता तर पुढच्या चोवीस तासांत देशभर काय पेटलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. नागपूर त्या वेळी शांत राहिलं, हे पोलीस आणि नागरिक दोघांचंही यश मानायला हवं. तेच महाल 17 मार्च 2025 ला अफवांवर पेटलं. चिटणीस पार्कापासून हंसापुरीपर्यंत दगडफेक, जाळपोळ, पोलीस जखमी, एकाचा मृत्यू, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. त्यानंतर महापालिकेनं एका आरोपीचं घर पाडलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला ती कारवाई थांबवावी लागली, कारण म्हणणं ऐकून न घेताच बुलडोझर चालला होता. तो दहशतवादी हल्ला नव्हता, मला तशी गल्लत करायची नाही. पण हल्ल्यानंतरच्या चोवीस तासांची तयारी या शहरात किती आहे, त्याची ती चाचणी होती आणि आपण तीत नापास झालो.

उपाय महाराष्ट्राच्याच पदरी आहे. भिवंडीत 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतले सामान्य लोक आणि बीटचा पोलीस नियमित एकत्र बसू लागले. 1984 च्या दंगलीत होरपळलेली भिवंडी 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिली. आपल्याकडे अशा समित्या सणापुरत्या, चहा-बिस्किटांपुरत्या उरल्या आहेत. त्यांत तेच ते पुढारी येतात, फोटो निघतो, संपलं. हीच माणसं दर महिन्याला भेटली, तर अफवा तासाभरात मोडता येते. आणि आपल्या मोहल्ल्यात नव्यानं राहायला आलेल्या माणसाचं वागणं खटकलं, तर पोलिसांना सांगावंसं वाटायला आधी पोलिसावर विश्वास लागतो. ज्या वस्तीतली पोरं वर्षानुवर्षं खोट्या आरोपात सडली, त्या वस्तीतून खबर येत नाही. मालेगाव आणि मुंबईच्या चुकांची ही किंमत आहे, आणि ती सगळे मोजतात.

पहिल्या तासाचं थोडक्यात सांगतो. 26/11 ला हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला आणि एनएसजीचे कमांडो प्रत्यक्ष कामाला लागले ते सकाळी. त्यानंतर मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद इथं एनएसजीची केंद्रं झाली, राज्यानं फोर्स वन हे स्वतःचं कमांडो दल उभारलं. नागपुरात एनएसजीचं केंद्र नाही. म्हणजे इथला पहिला तास नागपूर पोलिसांच्या शीघ्र कृती दलाचा, आणि त्याहीआधीची पहिली पाच मिनिटं नाक्यावरच्या माणसाची. त्या माणसाला चांगलं बुलेटप्रूफ जॅकेट, वर्षातून पुरेसा गोळीबाराचा सराव आणि आठ तासांची पाळी द्या. बारा-बारा तास उभ्या असलेल्या हवालदाराकडून पहाटे चारला तल्लख नजरेची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

स्फोटकांची बाजू नागपूरकरांना विशेष जवळची आहे. देशभरातल्या स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख करणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्या शहरात आहे, आणि आजूबाजूला कोळसा खाणी आणि स्फोटकांचे कारखाने. अमोनियम नायट्रेट अनेक स्फोटांत वापरलं गेल्यावर 2011 मध्ये ते स्फोटक म्हणून अधिसूचित झालं आणि 2012 मध्ये त्याचे नियम आले. नियम चांगले आहेत. खाणीवर किती पोती आली, किती वापरली आणि किती उरली, हा हिशेब प्रत्यक्ष गोदामात जाऊन जुळवणारी माणसं मात्र नियमांइतकी चांगल्या संख्येनं हवीत.

2006 नंतर धोका संपलेला नाही. जानेवारी 2022 मध्ये नागपूर पोलिसांनी जाहीर केलं की, जैश-ए-मोहम्मदशी संबंधित काश्मीरमधला एक तरुण जुलै 2021 मध्ये शहरात येऊन संघाच्या वास्तूंची टेहळणी करून गेला. माहिती मिळाली ती काश्मीर पोलिसांनी त्याला पकडल्यावर, त्याच्या चौकशीतून. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. म्हणजे तो आला, राहिला, फिरला आणि गेला, तोवर शहराला पत्ता नव्हता. दोन्हीकडच्या पोलिसांनी एकमेकांशी बोलल्यामुळे ते उघड झालं, ही जमेची बाजू. इथल्या रिक्षावाल्याला किंवा लॉजच्या मॅनेजरला काही खटकलं असतं, तर तो कोणाकडे गेला असता, ही उणी बाजू.

यूएपीएबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. या कायद्यात आरोपपत्राशिवाय 180 दिवसांपर्यंत कोठडी आणि जामीन जवळपास अशक्य. एवढी ताकद हातात घेतलेल्या सरकारनं त्यातल्या, खटला चालवायला लागणाऱ्या मंजुरीच्या अटी काटेकोर पाळायला नकोत का? माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेल्या प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात मंजुरीच्याच मुद्द्यावर नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर 2022 मध्ये सगळ्या आरोपींना सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण फेरसुनावणीला पाठवलं आणि 5 मार्च 2024 ला खंडपीठानं पुन्हा निर्दोष ठरवलं. तोवर साईबाबांची बरीच वर्षं नागपूरच्या तुरुंगात गेली होती. त्यांचे विचार तुम्हाला मान्य असोत वा नसोत, कागद नीट न केलेला खटला दोन्ही बाजूंचं वाटोळं करतो. टेहळणीच्या प्रकरणात तरी राज्यानं ही चूक करू नये. मंजुरी मुदतीत, कारणं लिहून आणि स्वतंत्र अधिकाऱ्यानं पुरावा वाचून दिलेली असावी.

राज्याच्या गृहखात्याकडे माझी मागणी अगदी मर्यादित आहे. 1 जून 2006 च्या चकमकीची जी चौकशी आणि न्यायवैद्यक कागदपत्रं सरकारदरबारी आहेत, ती आवश्यक तेवढी झाकून विधिमंडळाच्या येत्या नागपूर अधिवेशनात पटलावर ठेवावीत. त्यांत पोलिसांचं म्हणणं खरं ठरलं, तर त्या माणसांना उजळ माथ्यानं मान मिळेल. काही चुकलं असेल तर ते पुढच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळेल. सोबत दोन छोटे आदेश निघावेत. एक, नाक्यावर ओळख विचारणाऱ्याला लेखी संरक्षण देणारा. दुसरा, 112 वर संशयास्पद हालचालीची खबर देणाऱ्याचं नाव ठाण्याच्या डायरीत किंवा आरोपपत्रात त्याच्या संमतीशिवाय येणार नाही, असा. लॉजचा मॅनेजर आज फोन करत नाही, कारण उद्या साक्षीदार म्हणून आपल्यालाच कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, हे त्याला माहीत आहे.